शिळे कण

१४ मार्च, शनिवार

प्रिय चिकूबाई,

साष्टांग नमस्कार वगैरे लिहीत नाही, तुला हसू येईल. नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून आधी पाकीट उलटंपालटं करशील, हेही ठाऊक आहे. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे आमची भांडणं अख्ख्या मजल्याला कळतात. तू शाळेत विज्ञान शिकवतेस आणि मुलं तुला टरकून असतात, हे तुझ्या भावाकडून कळलं. पत्ताही त्यानंच दिला.

प्रयोगशाळेत रक्त गरगर फिरवून त्यातले कण वेगळे करणारं नवं सेंट्रिफ्यूज आलंय, म्हणून आपला जुना प्रयोग मी पुन्हा करायला घेतला. तोच गं! शरीरात कुठे दाह झाला की रक्तात वाढणारं ते सीआरपी नावाचं प्रथिन, कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएलच्या कणांना चिकटतं का? सरांच्या शोधनिबंधात ‘ताज्या कणांनाही चिकटतं’ असं छापलंय आणि त्यांच्या जोडीला माझं नाव आहे. तू म्हणायचीस, “ताज्या कणांकडे ते ढुंकूनही बघत नाही!” सर म्हणायचे, “हिच्या हाताला वळणच नाही.” तिसऱ्यांदा ते सगळ्यांदेखत म्हणाले, तेव्हा तू ॲप्रन खुंटीला लावलास आणि निघून गेलीस.

गेल्या दोन महिन्यांत मी सहा वेळा करून पाहिलं. ताज्या कणांना प्रथिन शिवलंही नाही. मग तीच बाटली तीन आठवडे ठेवून दिली. हवेनं कण बिघडले, आणि त्यांना मात्र ते गच्च धरून बसलं. तुझंच बरोबर होतं.

इथवर लिहून दोनदा चहा केला. आता लिहितेच.

तेव्हाची माझी बाटली एकवीस दिवसांची होती. आई दवाखान्यात होती, ताजं एलडीएल वेगळं करायला दोन दिवस गेले असते, आणि सरांना सोमवारी आकडे हवे होते. मी बाटलीवरची चिठ्ठी खरवडली आणि आदल्या दिवसाची तारीख घातली. सर तुला बोलत होते तेव्हा मी शेजारी नळ्या विसळत होते. एक वाक्य पुरे होतं. तोंड उघडलं नाही.

काल सरांना फोन करून सांगितलं. म्हणाले, “मी निवृत्त झालो, तीही सोडून गेली. आता कशाला उकरतेस?”

“सर, तिच्या हाताला वळण होतं. खोट माझ्या नियतीत होती.”

त्यांनी फोन ठेवला.

शोधनिबंध मागे घ्यावा, असं पत्र मी आज सकाळी मासिकाला पाठवलं. तारखेचंही लिहिलंय. चौकशी बसेल. बसू दे. नोकरी जाईल असं धरूनच चालले आहे; आईला सांगितलंय, चक्क एकदाच सांगून ऐकू आलं तिला.

इथेच राहिलेली तुझी प्रयोगवही, छायाप्रत ठेवून घेऊन, सोबत पाठवते आहे. खरा निष्कर्ष त्यात आहे, तुझ्या अक्षरात, तारखांसकट. तो तुझ्या नावानंच छापला जावा, असं चौकशी समितीपुढे उभी राहून मागणार आहे. तुला नको असेल तर तेवढं कळव. माफी मागत नाही. मागितली की द्यायचं ओझं तुझ्यावर येतं, आणि ओझी मी तुला पुष्कळ दिली.

तुझी अपराधी,
आणि तू म्हणशील तर मैत्रीण