ठिपक्यांची नदी

३ मार्च, सोमवार

नळ फुटलेला नाही. नाही म्हणजे नाही!

शाळेचं मैदान एका कोपऱ्यात वीतभर खचलंय आणि मोठ्या साहेबांना तिथे नळाची गळतीच हवी आहे. "बाई, लिहा — गळती होती, दुरुस्त केली, जमीन सुरक्षित. खाली सही करा नि मोकळ्या व्हा." बावीस वर्षं पाणीखात्यात जमिनीतल्या गळत्या ऐकत फिरतेय मी. गळका नळ फुसफुसतो. मैदानाखाली घुमतंय — खोलवर, सारखं, श्वाससुद्धा न घेता.

लोखंडी कांडीचं एक टोक जमिनीवर, दुसरं दातात. वस्तादांनी शिकवलं तसं. कान फसतो, हाड फसत नाही, म्हणायचे ते. आज तीन तास धरली होती. जबडा अजून ठणकतोय, जेवताना सासूबाई म्हणाल्या, "लोखंड चावून आलीस, आता भात काय चावणार तू!"

मैदानाला लागून लहान मुलांचे वर्ग आहेत. तीनशे मुलं. खाली नदी आहे. नकाशात नाही म्हणतात. मग नकाशा चुकलाय!

४ मार्च

खड्ड्यात तीन गाड्या खडी ओतली. गिळली. ढेकरसुद्धा नाही दिला.

६ मार्च, गुरुवार

आमचा जुना नकाशेवाला निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली. जिना चढवत नाही म्हणून जिन्याखालच्या खोलीत राहतो. मी ‘मैदान’ म्हणताच चष्मा पुसायला लागला. पुसतोय आपला, पुसतोय.

"नदी होती, बाई. माझ्या जन्माआधीच विटांची कमान घालून झाकलेली. मूळ नकाशात ठिपक्याठिपक्यांनी दाखवली होती. जमिनीखालचं सगळं ठिपक्यांत काढायची पद्धत."

मग ठिपके गेले कुठे?

"नकाशा फाटायला आला, की आम्ही नवा उतरवायचो. तेव्हाचे साहेब दारात उभे. ठिपके काढायला फार वेळ लागतो हो... म्हटलं, पुढच्या वेळी घालू."

पुढची वेळ आलीच नाही. पुढच्याने याच्यावरून उतरवला, त्याच्या पुढच्याने त्याच्यावरून. एका माणसाच्या कंटाळ्याने अख्खी नदी गेली! ओरडणार होते. तो परत चष्मा पुसायला लागला, नाही ओरडले. आठवेल तशी एक रेघ काढून दिली त्याने. मैदानाखालून सरळ मोठ्या नाल्याच्या तोंडापर्यंत. या वेळी ठिपके एकेक करून घातले, अर्धा तास लागला.

१० मार्च, सोमवार

साहेबांनी रेघ बघितली आणि मला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं! काय शक्कल.

उजवा कान गेलाय, निम्म्याहून जास्त. माहीत होतं मला. कुणाला सांगितलं नव्हतं, या वहीलासुद्धा नाही. डॉक्टर तसा बरा माणूस. म्हणाला, अशा कानात आतल्या आत घुमतं. मग विचारलं, "घरीपण ऐकू येतं?"

खोटं बोलवेना. येतं. मागच्या अंगणात हापशापाशी भांडी घासताना येतं. उशीवर डोकं टेकलं की येतं. कांडी नसताना.

"मग काय, नदी तुमच्या मागोमाग घरी आली?" हसला. मीही हसले. घरी येऊन मोरीत तोंड धुतलं आणि रडले.

११ मार्च

भीती वाटतेय. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. नदी माझ्या कानातच असेल तर?

१३ मार्च, गुरुवार

नसेल! माझ्या कानाने तीन गाड्या खडी खाल्ली का?

साहेब म्हणाले, कांडी जमा करा. म्हटलं, नाही करत. सरकारी आहे म्हणाले. म्हटलं, लोखंड सरकारी, त्यावरच्या दातांच्या खुणा माझ्या. त्या टोकाला खळगे पडलेत बावीस वर्षांचे, दुसऱ्या कुणाच्या तोंडात बसायची नाही ती. कारकून फायलीआड हसला.

मग मीच पैज टाकली. भांडारात हिरवा रंग आहे, पाण्याचा माग काढायचा. कुणाला अपाय नाही, पण एक डबा अख्खं तळं रंगवतो. खड्ड्यात ओतते. मोठ्या नाल्यात निघाला तर शाळा हलवायची. साहेब म्हणाले, "आणि नाही निघाला तर कांडी आणि सही, दोन्ही टेबलावर."

१४ मार्च, शुक्रवार

चार डबे ओतले, वर दोन टँकर पाणी. शाळेच्या मोठ्या बाईंनी मुलांना रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरून बघू दिलं. क्षणात सगळं खाली! मुलांनी टाळ्या पिटल्या. साहेब म्हणाले, खडीतून पाणी झिरपणारच, त्यात काय.

मोठ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खरं सांगा, मी मुलांना बसवू का त्या वर्गांत?" नाही म्हटलं. त्यांनी त्याच तासाला वर्ग त्या पलीकडच्या गच्चीवर नेले. वरून हुकूम नसताना. बाई असावी तर अशी.

१५ मार्च, शनिवार

सकाळी सहापासून नाल्याच्या तोंडाशी. साहेब खुर्ची घेऊन आले होते. दुपार झाली. चार वाजले. पाणी नेहमीसारखंच काळं.

साहेब खुर्ची घडी करत म्हणाले, "कान दाखवलेत ना, आता डोळेही दाखवून घ्या." सगळे हसले.

१६ मार्च

दिवसभर कांडी पुसत बसले.

१७ मार्च, सोमवार

साहेबांनी कागद तयार ठेवला होता, पेनाचं टोपणही काढून. बुधवारी मुलं वर्गांत परत. मैदानावर रोलर फिरणार.

सही केली नाही. पैज हरलात, म्हणाले. हरले! पैजेवर मी माझी अब्रू लावली होती, तीनशे पोरं नव्हती लावली. कांडी मात्र ठेवली टेबलावर. शब्द दिला होता. साहेब म्हणाले, तुमच्या सहीवाचून अडत नाही, बुधवारी दुसरा करेल. करू दे. मी वर्गाच्या दारात आडवी पडेन.

घरी आले तर सासूबाई भिंतीच्या भेगेवर नवं कॅलेंडर लावत होत्या. जुनं पुरेना म्हणे. "भेग वाढतेय, आई," म्हटलं. "वाढू दे. तुझ्या सासऱ्यांनी स्वतः रचलेली भिंत आहे. या घरातून मी आडवीच निघणार." हे गेल्यापासून आम्ही दोघीच. एक दारात आडवी, एक घरातून आडवी! खूप दिवसांनी पोटभर हसलो.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी मागून हाक — "अगं, माझ्या चादरीला काय झालं बघ!"

पांढरी चादर बादलीत. हिरवीगार. हापसा हापसला, हिरवं पाणी. परत हापसला. हिरवंच. नकाशेवाल्याची रेघ सरळ होती. नदी वळली होती.

सासूबाईंनी भेगेवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मी विचारलं, "आई, लिहू?"

"नदी काय मला विचारून आली? लिही."

बाटलीत हिरवं पाणी भरलं. अहवाल लिहिला — जमीन सुरक्षित नाही, ताबडतोब रिकामं करा. खाली दोन पत्ते. पहिला शाळेचा. दुसरा आमचा.

सही केली.