सात नंबरची सीट

३ नोव्हेंबर, सोमवार
ताईचा फोन. गुरुवारी, तेरा तारखेला, सकाळी आठला डोळ्याचं ऑपरेशन. म्हणाली, "यायलाच पाहिजे असं नाही हं. पण सोबत कुणीतरी हवं म्हणतात." ताई असं म्हणते तेव्हा यायलाच पाहिजे असतं. मला लहानाचं मोठं तिने केलं. माझ्या कारखान्यातलं पहिलं शिलाई मशीनही तिचंच. आणि मी सहा वर्षं तिच्याकडे फिरकलेलो नाही. कारण चौदा तासांची बस आणि माझी कंबर.
या वेळी जाणार. बाराला सकाळी सहाची बस, रात्री आठला दारात. ठरलं म्हणजे ठरलं.
ही म्हणाली, रेल्वेने जा. तेवीस वर्षं बसच्या सीटा शिवणारा माणूस रेल्वेने? धंद्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

४ नोव्हेंबर, सकाळी साडेपाच
कंबरेचे व्यायाम सुरू. रोज अर्धा तास.

४ नोव्हेंबर, पाच चाळीस
आज एवढेच. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

५ नोव्हेंबर
खरेदी. मानेची उशी, डोळ्यांची पट्टी, कानात घालायचे बोळे, हवेची गादी. ही म्हणाली, "अहो, ऑपरेशन नक्की कुणाचं आहे?"
हवेची गादी चाचणीत फुटली. हल्ली लोक काय माल बनवतात!
व्यायाम: बाजारात चाललो, तोच धरला.

७ नोव्हेंबर
आंघोळ करताना सुचलं. दुसऱ्याच्या मालावर बसायचंच कशाला? सीट मीच बनवणार, माझ्या मापाची. बसमध्ये नेऊन बसवणार. जुनी काढायची, नवी लावायची, चार बोल्टचं काम.
मास्तरांना सांगितलं. आमचे सगळ्यात जुने शिंपी. म्हणाले, "मालक, गिऱ्हाइकाच्या बुडाखाली आपण दोन इंची फोम घालतो. तुमच्या किती?" म्हटलं, सहा. ते नुसते हसले. मी स्पष्ट केलं की दोन इंच बसमालक मागतात म्हणून. शिवाय माझ्या सीटबद्दल आजवर एकही तक्रार नाही. मास्तर म्हणाले, "प्रवाशांना आपला पत्ता कुठे माहिती आहे?"
माणूस कारागीर चांगला, पण तोंड फटकळ.

९ नोव्हेंबर
बसमालक तयार. सात नंबर, खिडकीची एकटी सीट. म्हणाला, "बसवा, पण नंतर ती माझी." म्हटलं, आनंदाने.
व्यायाम रद्द. आता गरजच नाही.

११ नोव्हेंबर
सीट बसवली. सहा इंच फोम, कंबरेला वेगळा उंचवटा, शिलाई मी स्वतः घातली. बसून पाहिलं आणि उभ्या बसमध्ये डोळा लागला. हीसुद्धा येऊन बसली. म्हणाली, "तेवीस वर्षांत घरातला सोफा कधी असा केला नाहीत."
उद्याचा नियम: कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. पट्टी, बोळे, झोप.

१२ नोव्हेंबर, सकाळी सहा दहा
निघालो. स्वर्ग.

सहा चाळीस
पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "ही सीट वेगळी दिसते हो?" कानात बोळे होते तरी ऐकू आलं. मी गप्प. चांगलं दीड मिनिट गप्प. मग वाटलं, माहिती देण्यात काय गैर आहे? म्हटलं, मीच बनवलीय. बघा तरी बसून, पाच मिनिटं.

साडेसात
चाचण्या जोरात. कंडक्टरने रांग लावून दिलीय. एक म्हणाला, "लोणी आहे लोणी." निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या म्हणाल्या, "शंभरपैकी शंभर." त्यांनी जन्मात कुणाला दिले नसतील. हे मी उभ्याने लिहितोय. उभं राहणं कंबरेला चांगलंच.

साडेनऊ
शेवटी एक आजोबा बसले आणि घोरायला लागले. उठवणं बरं दिसत नाही. शिवाय घोरणं म्हणजे मालाची पावतीच. तोवर मी त्यांच्या जागी, मागच्या चाकावर, एकतीस नंबर. हीसुद्धा आमचीच सीट, आठ वर्षांपूर्वीची. दोन इंची. आता हाताला एकच लागतो.

अकरा
दहाच्या थांब्यावर चढलेले दोघे शेजारी आहेत. एका खड्ड्यानंतर एक म्हणाला, "ही सीट ज्याने शिवली ना, त्याला यावरच बांधून गावोगाव फिरवला पाहिजे." दुसऱ्याने मला विचारलं, "काय हो काका?" म्हटलं, अगदी. गिऱ्हाइकाच्या भावनेशी सहमत असावं.

दुपारी दोन
जेवणाचा थांबा. आता जागा परत घेणार, गोड बोलून. पण आजोबा सगळ्यांच्या आधी चढले. माझा हात हातात घेतला. म्हणाले, "तुमच्या हातात जादू आहे हो. दहा वर्षांत असा झोपलो नव्हतो." आणि झोपले. मी परत एकतीस नंबरवर.

पाच
मानेची उशी योग्य ठिकाणी घेतली. मानेखाली नव्हे.

रात्री आठ
पोचलो. वेळेवर! आजोबा टुणकन उतरले. मला एका बाजूने कंडक्टर, दुसऱ्या बाजूने मुख्याध्यापिका. तात्पुरता ताठरपणा आहे. झोपलो की उतरेल.

१३ नोव्हेंबर, सकाळी पावणेआठ
उतरला नाही. दवाखान्याच्या दारात चाकांची खुर्ची आली, ती सरळ माझ्याकडे. ताई म्हणाली, "अहो, पेशंट मी आहे. हा सोबत आलाय." वॉर्डबॉयने दोघांकडे पाहिलं. ताई ताठ उभी, मी कोयत्यासारखा वाकलेला. म्हणाला, "बरं, पण ह्यांना बसू द्या."
खुर्ची वाईट नाही. फोम चार इंची असावा.

साडेनऊ
ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. ताई डोळ्याला पट्टी लावून स्वतःच्या पायांनी बाहेर आली आणि विचारत विचारत माझ्या कॉटपर्यंत पोचली. मला इंजेक्शन दिलंय, दोन दिवस हलायचं नाही. नर्सने फॉर्म आणला. विचारलं, "यांच्यासोबत कोण आहे?"
ताई म्हणाली, "मी आहे ना." आणि एका डोळ्याने, सरळ रेषेत, सही केली.
एकंदरीत ठरल्याप्रमाणे सोबत झाली. कुणी कुणाला केली, हा तपशील.