बाप्पाच्या घंगाळातलं रोप

७ सप्टेंबर, रविवार

झालं एकदाचं! काल बाप्पा गेले आणि आज त्यांच्यासमोरच्या पितळी घंगाळातलं पाणरोपही मार्गी लावलं. जांभळा तुरा, पोपटी फुगीर देठ — दर्शनाला आलेला प्रत्येक जण विचारायचा, कुठून आणलंत? नर्सरीतून! पण बाप्पासमोरची वस्तू कचऱ्यात जात नाही, पाण्यात जाते. आईची शिकवण. नोएडात शुद्ध पाणी आणायचं कुठून? म्हणून आज सहलीला जाताना पिशवीतून नेलं. सगळे पाणकणसं बघण्यात गुंतले होते, तेव्हा काठाशी बसून हळूच सोडलं. नमस्कार केला. किती छान तरंगत गेलं!

दादरीकडचं ते तळं म्हणजे स्वरूपाचं लेकरू आहे. तीन वर्षं खपून तिनं ते परत जिवंत केलं. दर रविवारी माणसं घेऊन जाते, पाण्यातली झाडं ओळखायला शिकवते, काठच्या चिखलात लव्हाळे लावून घेते. मी तिची मदतनीस — बिनपगारी, फुल अधिकारी! आता त्या पाण्यात माझंही एक रोप. बरं वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

मेले!!

स्वरूपानं आज सगळ्यांना तळ्याचे जुने फोटो दाखवले. पाणी कुठाय? नुसतं हिरवं गच्च. मग एकट्या रोपाचा फोटो. जांभळा तुरा. फुगीर देठ. "जलकुंभी. एक पौधा काफी है, बिल्कुल एक. देखते-देखते पूरा तालाब ढक जाता है, मछलियाँ दम तोड़ देती हैं."

म्हणजे आपली जलपर्णी! जलपर्णी म्हटलं की मला पुण्याच्या नदीवरची चादर आठवते. एकटी, घंगाळात, नटूनथटून बसलेली — कोण ओळखणार तिला?

डोकं दुखतंय असं सांगून रिक्षा करून निघून आले. पाण्याकडे बघायचं धाडसच झालं नाही.

१५ सप्टेंबर

तळं परत तसंच हिरवं गच्च झालं तर? आणि स्वरूपाला कळलं तर? ती मला पुन्हा कशाला बोलावेल! रविवार गेला तर माझ्याकडे उरतं काय? हे, ह्यांचा टीव्ही, आणि लिफ्टमधले नमस्ते जी.

१७ सप्टेंबर

हे म्हणाले, "चेहरा का पाडलायस? तुमच्या चिखलात कोणी रुतलं की काय?" निवृत्तीनंतर ह्यांना दुसरा उद्योग नाही. माझ्या सहलींना हे 'चिखलयात्रा' म्हणतात. ह्यांना सांगितलं असतं तर अख्ख्या मित्रमंडळात किस्सा झाला असता. फोडणीच्या निमित्तानं आत सटकले. भाजी मात्र करपली.

२१ सप्टेंबर, रविवार

काय लिहू! हसू आवरत नाहीये.

बस थांबल्या थांबल्या काठाकडे धावले. देवनळाच्या बेटात वाकून शोधलं, साडी गुडघ्यापर्यंत भिजली. जांभळं काही दिसेना. मागून स्वरूपा — "काकू, जलकुंभी शोधताय ना? नाहीये ती तिथे."

भिजल्या निऱ्या तशाच धरून वळले. म्हणाली, "मी त्याच दिवशी काढली. तुम्ही नमस्कार केलात, तेव्हा मी समोरच्या काठावर होते. तुमची पाठ वळली आणि मी पाण्यात! कडक उन्हात वाळवली. खलास."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"इतक्या लोकांसमोर कसं बोलणार यार? म्हणून तो फोटो दाखवला. तो फोटो तुमच्यासाठीच होता, काकू! मला वाटलं, आता येऊन सांगाल. तुम्ही तर सीधा रिक्षात!"

गणपतीनंतर दर वर्षी कुणीतरी सोडतंच म्हणे. रागवलं की माणसं अंधारात येऊन सोडतात, म्हणून ती रागवत नाही. मी चिखलात उभी राहून रडले. मग हसले. तिनं हात धरून वर ओढलं. घंगाळापासूनचं सगळं सांगितलं तिला. ऐकून विचारते, "पण काकू, घंगाळ म्हणजे काय?" घ्या! दिल्लीत वाढलेली मराठी मुलगी!

छातीवरचा दगड उतरला. तळं वाचलं. मीही.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२८ सप्टेंबर, रविवार

आज स्वरूपानं मलाच पुढे ढकललं. "जलकुंभी के बारे में काकू बताएँगी." सांगितलं सगळं, घंगाळासकट, माझ्या मोडक्या हिंदीत. लोक खो-खो हसले. एक बाई तेवढ्या हसल्या नाहीत, हातातली पिशवी मिटून हळूच मागे सरकल्या! परतताना बसमध्ये मुद्दाम त्यांच्याच शेजारी बसले. उतरेपर्यंत पिशवी माझ्या मांडीवर होती.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं देऊन झाल्यावर हे म्हणाले, "चल, एक गंमत दाखवतो." सेक्टरच्या मागच्या तळ्यावर नेलं. आरती सुरू झाली की टीव्हीचा आवाज वाढवणारा माझा नवरा सांगत होता, "तू मोठं रोप नेलंस, पण घंगाळाच्या तळाशी एक पिल्लू राहिलं होतं. बाप्पासमोरचं ना ते. कचऱ्यात कसं टाकणार? रोज सकाळी येऊन बघतो." एवढ्या दिवसांत पिल्लानं काठाचा अख्खा कोपरा धरलाय. वर जांभळे तुरेसुद्धा! "तुझ्या चिखलयात्रेपेक्षा आमचं झकास आलंय की नाही?" इतके खुशीत मी ह्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बघितलं.

मी हो म्हणाले. आता हे सगळं उपटायचंय, हे ह्यांना कोणत्या तोंडानं सांगू?