हवेत उभी राहणारी काठी

आबा, दिवाळीच्या सुट्टीत भावाचा नातू पुण्याहून चार मित्र घेऊन आला होता. जेवणं झाली की पोरं ओसरीत गोल करून बसायची. मध्ये बरेच कोपरे असलेले रंगीत फासे. एकजण गोष्ट सांगणार, की तुम्ही गुहेत आहात, समोर राक्षस आहे, आणि बाकीच्यांनी बोलायचं, आम्ही आता अमुक करतो. मी दाराशी तांदूळ निवडत ऐकत होते. एका दुपारी गोष्ट सांगणारा मुलगा म्हणाला, तुम्हाला एक जादूची दांडी सापडली आहे, हवेत जिथे सोडाल तिथे ती थांबते, मग हत्तीनं ओढली तरी हलत नाही. हातातलं सूप मी खाली ठेवलं. एवढ्या वर्षांनी मला पुन्हा कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला, आणि डोळे उघडे असून समोर काळोख झाला.

ती वर्षं तुम्हाला आठवायला सांगायला नको. पन्नास सालानंतरची. नंदुरबारहून नवापूरकडे जाणाऱ्या रुळांवरचं आपलं ते एवढंसं स्टेशन, स्टेशनमास्तरांचं घर, सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनच्या दोन खोल्या, त्यातली एक आपली, आणि पुढे सागाचं रान. माय बाळंतपणाला तापीकाठी माहेरी गेली होती. मागे तुम्ही आणि मी. देवी टोचणारा आला होता तेव्हा मी आजोळी होते, म्हणून राहून गेलेली. आधी ताप आला, मग अंगावर पुरळ, आणि मग तुम्ही माझ्या कपाळावरून हात फिरवून उठलात. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले. देवीला चालत नाही म्हणून फोडणीचा वास घरातून गेला. दुसरा पॉइंट्समन देवी निघाल्याचं ऐकून त्याच दिवशी गावी निघून गेला, आणि सगळ्या गाड्या तुमच्या एकट्याच्या अंगावर पडल्या. मास्तरांनी आपली मुलं सासुरवाडीला पाठवली. ते स्वतः थांबले, पण बोलायचे ते फलाटाच्या टोकावरून. मामा गार्डाच्या हाती केळीची पानं पाठवायचा. अंगाला कापड चिकटू नये म्हणून तुम्ही मला त्या पानांवर निजवत होतात. उघड्या पाठीला पान आधी गार लागायचं, मग माझ्याच तापानं गरम व्हायचं.

मग डोळे मिटले. पापण्यांवर फोड आले, सुजून त्या एकमेकींना चिकटल्या. सकाळी जाग आली तर सकाळच नाही. मी ओरडले, "आबा, माले काहीच दिखत नही!" तुम्ही धावत आलात. भांडं कलंडल्याचा आवाज झाला. "डोया सुजनात बेटा, उतरतीन," तुम्ही म्हणालात. पण उतरतील हे तुम्हालाही माहीत नव्हतं. तुमचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गेला होता, आणि आंधळ्याला आवाजच दिसतो.

त्या काळोखात दुखण्यापेक्षा मला भ्याव होतं ते घंटेचं. फलाटावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर मास्तरांचे ठोके पडले, की तुम्ही उठणार. जोडा दाराबाहेरच असायचा, घरात देवी होती ना. अनवाणी पावलं दारापर्यंत, मग जोड्यांचा करकर आवाज, मग काहीच नाही. तुम्ही परत येईपर्यंत घर माझ्याभोवती मोठं मोठं होत जायचं. पाल चुकचुकली तरी मला कोणी खाटेखाली शिरल्यासारखं वाटे. एकदा मी तुमच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं, सोडेचना. घंटा होऊन गेलेली. तुम्ही खाटेशी टेकलात आणि घाईघाईनं बोलायला लागलात.

"आईक. तू जंगलमा शे. एकटी. तठे एक म्हातारी भेटनी. तिनी तुले काठी दिन्ही. ती काठी हवामा धर आनि म्हण, 'उभी ऱ्हाय.' मंग ती तठेच ऱ्हाई. हत्तीघाई बी हालाव नही. 'चाल' म्हनं, की परत तुन्हा हातमा. आते तू एक कोल्ड्या हिरमा पडनी शे. खाले साप शे. काय करशी? मी गाडी काढीसन येस, माले सांगजो."

आणि सदरा सुटला. मी तो कधी सोडला ते मला कळलं नाही. मी त्या कोरड्या विहिरीत होते, आणि साप खाली सळसळत होता. तुम्ही परत आलात तेव्हा मी तयार होते. काठी विहिरीत आडवी धरायची, उभी ऱ्हाय म्हणायचं, आणि झोपाळ्यासारखं वर चढून बसायचं. "आनि मंग? जनमभर तठेच बठशी?" तुम्ही विचारलंत. मला वर यायचं सुचलं नव्हतं. पुढच्या गाडीपर्यंत मी तेच शोधत राहिले. काठीवर उभं राहायचं, विहिरीच्या दगडात बोटं रुतवायची, 'चाल' म्हणून पायाच्या अंगठ्यानं काठी उचलून घ्यायची आणि आणखी वर लावायची. तुम्ही म्हणालात, अंगठ्यातून ती सुटली तर? मी म्हणाले, सुटत सुटत 'उभी ऱ्हाय' म्हणेन. तेव्हा तुम्ही हसलात. डोळे मिटल्यापासून तुमचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग प्रत्येक गाडीला एक संकट ठेवून तुम्ही जायचात. राक्षसाच्या जबड्यात मी काठी उभी लावली, त्याला तोंडच मिटता येईना. लांडगा मागे लागला तेव्हा अरुंद वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीला काठी आडवी सोडून पुढे पळाले, तो आपटला. पुरात वाहून जाताना तिला धरून लोंबकळले. तुम्ही मला सहज सोडत नव्हता. पाणी आणखी चढलं तर? तुझे हात थकले तर? काठी काही मारत नाही, काही देत नाही, ती फक्त उभी राहते, बाकी डोकं तुन्हं, असं तुम्ही बजावायचात. आता वाटतं, तुम्ही मला संकटांतून बाहेर पडायला शिकवत नव्हता. पुढची गाडी येईपर्यंत मी जिवंत राहावं, एवढीच तुमची सोय होती ती. पण तेव्हा मला ते जंगल त्या खोलीपेक्षा बरं वाटायचं. तिथलं भय मला दिसत तरी होतं.

तुम्ही मला एकदाच रागावलात. संकट न सांगताच घंटा झाली होती, आणि मी म्हणाले, "आबा, आज मी सांगस. मी ती काठी रुळवर लाई देसू. उभी ऱ्हाय म्हनसू. गाडी आठे येवावच नही. मंग तुम्हले जानं पडाव नही." मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही माझा हात धरलात, फोडांचा हात, पहिल्यांदाच दुखेल इतका घट्ट. "ते नही," तुम्ही म्हणालात. "गाडीमा मानसे बठेल ऱ्हातस. बाया ऱ्हातीस, पोरे ऱ्हातस. भरधाव गाडी आडी, ते त्यास्नं काय व्हई?" मी रडायला लागले. तुम्ही हात सोडलात, पण शब्द मागे घेतले नाहीत. अंगभर देवी निघालेल्या आंधळ्या पोरीलाही तुम्ही तेवढी सूट दिली नाहीत. मी गाडीतल्या त्या बायापोरांचा विचार करत पडून राहिले. मी गाडी खरंच अडवल्यासारखं मला वाटत होतं.

त्यानंतरचा दिवस सगळ्यांत वाईट होता. ताप पुन्हा चढला. मास्तर फलाटावरून ओरडून म्हणत होते, नंदुरबारच्या दवाखान्यात न्या, आणि तुम्ही ओरडून सांगत होता, की ह्या अंगानं ती गाडीत बसणार कशी, आणि कोण बसू देणार. बोलणं मला सगळं ऐकू येत होतं. भर दुपारी घंटा झाली. तुम्ही गेलात. आणि थोड्या वेळानं दारात कोणीतरी आलं.

जोड्यांचा आवाज नाही, हाक नाही. नुसता श्वास. जड, ओला श्वास, मग पाला ओरबाडल्याचा आवाज. दाराचे डहाळे कोणीतरी तोडत होतं. मला समजलं, देवी आली. रक्षणाला बांधलेलं तिनंच काढून टाकलं, म्हणजे ती मला न्यायलाच आली. पाऊल आत पडलं, टक्. मग दुसरं. तुम्ही गाडीवर होतात, हाक पोचली नसती. अंगातली होती नव्हती ती ताकद गोळा करून मी हात पुढे केला, त्या हातात काही नाही हे मला ठाऊक होतं, आणि किंचाळले, "उभी ऱ्हाय!"

पावलं थांबली. मी हात तसाच धरून ठेवला. दंड भरून आला, तरी खाली घेतला नाही. घेतला तर ती चालत येईल. गाडी आली, थांबली, गेली. मग बाहेर तुमचे जोडे धावत येताना ऐकू आले, आणि तुमचा हुर्र् असा आवाज, आणि दारातून टकटक करत काहीतरी सुसाट पळालं.

"बकरी शे, बेटा! बकरी! देवीना लिंब खाई ऱ्हायनी!"

तुम्ही हसत सुटलात. मीही हसायचा प्रयत्न केला, ओठ फाटले. तुमचं हसू थांबेना, वाढत गेलं, मग त्याचा सूर बदलला. दाराच्या चौकटीला टेकून तुम्ही खाली बसल्याचं मला ऐकू आलं. बापाचं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. देवीपेक्षा मला त्याचं जास्त भय वाटलं. तुम्हीच घाबरलात, तर मग घरात न घाबरलेलं कोण उरलं?

"आबा, रडी ऱ्हायनात का?"

दारात सांडलेला पाला तुम्ही बसल्या जागी गोळा करायला लागलात, त्याची सळसळ मला ऐकू आली.

"आबा, तुम्हनाजोडे ती काठी ऱ्हाती, ते तुम्ही काय करतात?"

तुम्ही आता काहीतरी थोर सांगाल असं मला वाटत होतं. यमाला अडवाल, देवीची वाट बंद कराल. तुम्ही नाक पुसलंत आणि म्हणालात, "काही नही वं. तिले धरीसन उभा ऱ्हातू."

"इतलंच?"

"इतलंच. मन्हा पायमा जीव नही आते. तिले धरसू, म्हंजे पडाव नही."

मी हात पुढे केला. तुम्ही येऊन तो धरलात, ह्या वेळी अगदी हलके, बोटांच्या टोकांनी. पुढची घंटा होईपर्यंत तुम्ही तो सोडला नाहीत. संध्याकाळी ताप उतरायला लागला.

पुढचं तुम्ही पाहिलंत. खपल्या धरल्या, उजव्या डोळ्याच्या पापण्या सुटल्या आणि मला तुमचं दाढी वाढलेलं तोंड दिसलं. डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं ते कायमचं. घरातला आरसा तुम्ही कुठे नेऊन ठेवलात ते मी विचारलं नाही. माय भावाला घेऊन गाडीतून उतरली, माझ्याकडे पाहिलं, आणि ओळख पटायला तिला लागला तेवढा वेळ तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. ह्या तोंडाच्या पोरीचं कसं होणार, ह्या काळजीत तुम्ही मला शाळेत घातलंत, मॅट्रिक केलंत, आणि साठ सालानंतर माझी मोलगीकडच्या डोंगरातल्या शाळेवर नेमणूक झाली तेव्हा माझी पेटी डोक्यावर घेऊन सबंध वाट चाललात. निरोप घेताना तुमचा श्वास लागत होता. चढाचा असेल असं मी समजले.

त्यानंतरचं मात्र तुम्हाला कळलेलं नाही. वर्गातली पोरं घरी भिलोरी बोलणारी, मी पुस्तकी मराठी बोलणारी. माझ्या तोंडाकडे बघून धाकटी पोरं पहिले काही दिवस आईच्या लुगड्यामागे लपायची. मला त्यांची भीती, त्यांना माझी. एके दिवशी धडा बाजूला ठेवला, हातात फळ्यावर रेघा आखायचा लाकडी रूळ घेतला, आणि हातवारे करत, अर्धे त्यांचे अर्धे माझे शब्द जोडत, ती काठी त्यांना दिली. मी राक्षसाची, वाघाची तयारी करून बसले होते. एक मुलगी उठली. म्हणाली, मी तिला झोळी बांधेन. शेतात झाड नाही, आई निंदायला वाकते तेव्हा बाळ उन्हात पडतं. काठी उभी करायची, झोळी टांगायची, वरून फडकं टाकायचं. आई पुढे सरकली, की काठी पुढे. दुसरा म्हणाला, मक्याची कणसं टांगीन, उंदीर चढणार नाहीत. तिसऱ्यानं आजोबाला नाल्याच्या उतारावर धरायला दिली. एकाच्याही गोष्टीत कोणी मागे लागलेलं नव्हतं. मी हातातल्या त्या लाकडी रुळाकडे पाहत राहिले. आपण दोघांनी ती काठी भीतीशिवाय कधी वापरलीच नव्हती, आबा.

शनिवारी खाली उतरून तुम्हाला हे सांगायचं ठरवलं होतं. त्याआधीच नंदुरबारहून माणूस आला. मी पोचले तेव्हा अंगणात मंडळी बसली होती, आणि माय म्हणाली, शेवटी छाती फार भरून आली होती, तुझं नाव घेत होते.

हे कागद आता कपाटात साड्यांखाली जातील. दुसरीकडे कुठे जाणार? माझ्या ह्या उरलेल्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढत चालला आहे, आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टर तो काढणार आहेत. दिवसभर पट्टी राहील म्हणतात, मग सगळं लख्ख. त्यांचा हात चांगला आहे, सगळे तसंच सांगतात. काल भाऊ जवळ येऊन बसला. त्याचेही केस पिकले आता. म्हणाला, "ताई, भ्याव वाटस का?"

मी म्हटलं, "नही रे." वाटतं, आबा. खूप वाटतं.