पाचवी ओळ

६ जाने. ५८, सोम.
साहेबांच्या गणकयंत्राची आठवण ठेवणारी पाटी एकदाची पुरी झाली. मोहरीएवढ्या चौसष्ट चुंबकी कड्या, आठ ओळींत आठ-आठ, प्रत्येकीतून तीन तारा. डोळ्यांची वाट लागली. ॲग्नेस (यापुढे नुसतं ॲ.) मरोळची, लहानपणापासून लेस विणणारी. माझ्या दुप्पट ओवते, वर मलाच टोमणे: "कमळ गो, पाटी ओवतेस का गोधडी शिवतेस?"
साहेब खूश. वीज काढली तरी कड्या विसरत नाहीत, शून्य की एक ते धरून बसतात. फक्त एकदा वाचलं की पुसलं जातं. हवं असेल तर लगेच 'परत लिही' दाबायचं.
आमचा खेळ: संध्याकाळी मागे राहील तिने एक ओळ भरायची, सकाळी आधी येईल तिने ओळीओळीचा खटका दाबून वाचायची; भरलेल्या ओळीचे आठही दिवे लागतात. पहिली, चहा ठेव. दुसरी, साहेब तापलेत. तिसरी, घरी येऊन जा. चौथी, साडी झकास. पाचवीचं विचारलं तर म्हणे, "ती राखून ठेवलीय. सांगेन." भाव खाते नुसती!

११ जाने., शनि.
उशीर झाला. साहेबांचे पाहुणे दहाला, म्हणून आल्या आल्या 'पुसा' दाबलं. मग आठवलं, काल ॲ. मागे थांबली होती. काय ठेवलं होतं कोण जाणे. आज आलीच नाही. सोमवारी शिव्या खाणार मी.

१३ जाने., सोम.
ॲ. गेली. काल पहाटे. न्यूमोनिया.
मरोळला जाऊन आले. तिची आई हात सोडेना. "शुक्रवारीच अंग तापलेलं तिचं. म्हणाली, कमळला निरोप ठेवलाय, ती येईल." मी मान हलवली. मावशी, तो मी पुसला. हे तोंडातून निघालं नाही. शनिवारी गेले असते तर डॉक्टर तरी

२० जाने., सोम.
सकाळी पाटी लावली. तिसरी ओळ, आठही दिवे. शनिवारी मी स्वतः सगळं पुसून कुलूप घातलं होतं. किल्ली माझ्याच पर्समध्ये. साहेब म्हणाले, "कुठेतरी तार टेकतेय. जोड तपासा." तपासले. सगळे ठीक.

२२ जाने., बुध.
परत तिसरी. काल साहेबांदेखत दोनदा पुसलं, प्लगसुद्धा काढून ठेवला. आज साहेब हसले नाहीत. पाटीकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "हिच्यात खोट आहे. मंगळवारी तारा कापून टाका. कड्या दुसरीत वापरू."
ॲ.च्या हातच्या तारा. मी कापायच्या!
घरी येऊन जा. घरी येऊन जा. अगं कळलं गं मला.

२५ जाने., शनि.
मरोळ. मावशींना सगळं सांगून टाकलं: पाटी, निरोप, 'पुसा'. वाटलं, हाकलून देतील. त्या उठल्या. पेज वाढली, बाजूला सुकं बोंबील. मी रडत रडत जेवले, लाज नाही.
निघताना म्हणाल्या, "तापात बोटं मोजत होती. पाचव्याशी आली की थांबायची. हसायची. परत पहिल्यापासून." तिची लेसची सुई माझ्या हातात ठेवली.
पाचवीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. नक्की नव्हतं.

२७ जाने., सोम.
साडेआठ. तिसरी अंधारी. पहिल्यांदाच. सुटले म्हणून खुर्चीत बसले, तर बोट आपोआप पुढच्या खटक्यांवर. चौथी अंधारी.
पाचवी. आठही दिवे.
ओरडले बहुतेक, कारण साहेब धावत आले. तोवर दिवे गेले होते, वाचलं तेव्हाच पुसलं गेलं. साहेबांना दिसली ती रिकामी पाटी. "बघा, सुधारली. तरी उद्या कापायचीच." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी भांडले. शेवटी म्हणाले, उद्या सकाळी माझ्यासमोर वाचा, मग ठरवू.
'परत लिही' दाबता आलं असतं. दाबलं नाही. दाबलं असतं तर उद्या जे लागेल ते माझं असतं, तिचं नाही. प्लग काढला, कुलूप घातलं, किल्ली उशाखाली आहे.
पाचवीचा अर्थ काय, तो तिने सांगितलाच नाही. शिवी असली तरी चालेल गं.
उद्या आठलाच जाते. साहेबांच्या आधी.