लांडग्याने नेलेला मेंढा पडद्यावर

आटपाडी,
रविवार

तीर्थस्वरूप इंद्रजितदाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे सिद्धूचा, वाकून नमस्कार. कडेगावी ऊस जोमात असेल, ताईची कंबर दुखायची थांबली असेल आणि तुमचा फोन अजून दुरुस्त झाला नसेल, असं धरून चालतो. मागच्या रविवारपासून तो लागत नाही, म्हणून ही पत्राची तसदी.

ताजी बातमी अशी, की आपला भुंग्या मेंढा दोन वर्षांपूर्वी लांडग्याने खाल्लाच नव्हता. ही गोष्ट खुद्द आबांनी सांगलीच्या थिएटरात, भरल्या खेळात, उभं राहून जाहीर केली.

तुम्हाला तो प्रसंग आठवत असेलच (विसरणं अवघड, सांगणारे तुम्हीच होता). आबांनी तेव्हा मेंढरं तुमच्या रानात बसवली होती. पहाटे तुम्ही धापा टाकत आलात, हातात लोकरीचा पुंजका, आणि वासराएवढा लांडगा भुंग्याला घेऊन गेल्याचं सांगितलंत. तुम्ही बांधापर्यंत पाठलाग केलात म्हणून आबांनी अंगावरचं नवं घोंगडं तुमच्या खांद्यावर घातलं आणि स्वतः त्या दिवशी जेवले नाहीत. त्याच आठवड्यात तुमच्या डोंगरावर सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. पण या दोन गोष्टी एका दावणीला बांधायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सिनेमा आला तेव्हा तुम्हीच सगळ्या पाहुण्यांना सांगितलंत, की बघा, आमचा डोंगर आहे त्यात. फक्त मोठ्या पडद्यावर पैसे घालवू नका, मोबाईलवर येईल तेव्हा बघा. ही काळजी कशासाठी होती ते आता कळलं. पण अंकिताने (माझ्या बायकोने) ज्या कादंबरीवरून तो काढलाय ती दोनदा वाचलेली, त्यामुळे तिला धीर निघेना. आबा डोंगर बघायला म्हणून आले. सांगलीत नवा पडदा झालाय, तो आपल्या गोठ्याच्या चौपट भरेल. पहिला तासभर अंकिता दर मारामारीला ‘पुस्तकात असं नाही’ म्हणत होती आणि आबा लाह्या खात होते (तिथे त्यांना पॉपकॉर्न म्हणतात आणि भाव वेगळा लावतात).

मग खलनायकाच्या गाड्यांनी हिरोला कड्यावर गाठलं, आणि धुळीतून एक मेंढा आला. दाजी, त्याचं नुसतं डोकं आपल्या ट्रॅक्टरएवढं. डाव्या कानाची पाळी दोन जागी कापलेली, आपल्या घरची खूण. मोबाईलवर तो कान तिळाएवढा दिसला असता. तिथे तो सुपाएवढा होता.

आबा उठले. “आवं, ह्यो तर माझा भुंग्या हाय,” म्हणाले, आणि रानात घालतात तशी हाक घातली. आता योगायोग म्हणा, पण पडद्यावरच्या मेंढ्याने नेमकी तेव्हाच मान वळवून आबांकडे बघितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच क्षणी भुंग्याने गाडीला धडक दिली, गाडी दरीत गेली, स्फोट झाला आणि धुरात भुंग्या दिसेनासा झाला. अंकिता म्हणाली, “पुस्तकात मेंढाच नाही.” आबा म्हणाले, “मग पुस्तकवाल्याला ठावं न्हाई.”

त्यानंतर हिरो जगला की मेला हे आम्हाला माहीत नाही. आबा बाहेर मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले, मेंढ्याचं पुढं काय झालं म्हणून. तो बिचारा गोंधळून म्हणाला, “आजोबा, ते दुसऱ्या भागात कळेल.” स्फोट कॉम्प्युटरचा असतो हे मी वाटेभर समजावलं. आबांनी मान डोलावली आणि घरी येऊन ताट सरकवलं.

तुमच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नाही. जावयाविरुद्ध ब्र काढायचा नाही हे आबांचं पहिल्यापासून आहे. सगळा दोष त्या लांडग्याचा. तोच भुंग्याला न खाता शूटिंगवर घेऊन गेला असणार, आणि सिनेमावाल्यांशी बोलणीही त्यानेच केली असणार. लांडगे अलीकडे हुशार झालेत.

यंदा अधिक महिना आहे. धोंड्याच्या जेवणाला ताईसह यावं, हे या पत्राचं खरं कारण.

आपला,
सिद्धू

ता. क. खरं कारण तेवढंच नाही. शूटिंग झाल्यावर लांडग्याने भुंग्याला कुठं सोडलं, त्याची चौकशी करून भुंग्याचा फोटो पाठवावा. डावा कान दिसेल असा.

ता. क. हे पत्र ताईला दाखवायची गरज नाही. तिला मी आत्ताच तिच्या फोनवर वाचून दाखवलं. ऐकता ऐकताच ती आबांचं घोंगडं कपाटातून काढून बसली.

ता. क. फोटोचीही घाई नको. आबा थांबायला तयार नाहीत. भुंग्याची घंटी पिशवीत घालून ते गुरुवारच्या पहिल्या एसटीने कडेगावला निघतील. तुमच्या बांधावर उभं राहून हाक घालतील. भुंग्याने ओ दिली तर धोंड्याला अनारसे ठरलेलेच आहेत. नाही दिली, तर ओ तुम्हाला द्यावी लागेल.