खिडकी क्रमांक दोनचं फिनटेक

२ सप्टेंबर, सोमवार, सायं. ६.
आजपासून मी विद्यार्थी. छप्पन्नाव्या वर्षी. विद्यापीठ ऑनलाइन, विषय आर्थिक तंत्रज्ञान, म्हणजे फिनटेक. आमच्या बँकेची पोल्वा गावातली शाखा जूनअखेर बंद होणार. कोर्स पास होईल त्याला डिजिटल विभागात घरबसल्या जागा, बाकीच्यांना निरोप. खिडकी क्रमांक दोनवर तीस वर्षं काढली आहेत, निकालाची काळजी नाही. क्युल्लीला फक्त कोर्सचं सांगितलं, शाखेचं नाही. बायकोच्या जिवाला उगाच घोर कशाला? रोज सहा ते आठ, वरच्या खोलीत अभ्यास. रोज म्हणजे रोज.

९ सप्टेंबर.
पहिलं लेक्चर निम्मं पाहिलं. प्राध्यापिका माझ्या मुलीच्या वयाची. फार भरभर बोलते. आधी फोल्डर, रंगीत पेनं आणि चांगली खुर्ची. पाया पक्का हवा.

२९ सप्टेंबर, रविवार.
जंगलात आळंबी गोळा केली. तीन बादल्या. दिवसभर साफ करणं चाललंय. आळंबी कुणासाठी थांबत नाही, लेक्चर थांबतं. ऑनलाइन शिक्षणाचा हाच तर फायदा.

१४ नोव्हेंबर.
खिडकी एकवरच्या मेरिकेनेही कोर्सला नाव घातलंय. साठीला आलेली बाई. कीव आली. कॉफीच्या सुट्टीत तिला ब्लॉकचेन समजावून दिला. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऐवार, तू सांगतोयस तो साधा लॉकर झाला रे." बिचारीचा गोंधळ होतो.

६ जानेवारी.
पहिल्या परीक्षेत नापास. प्रश्न संदिग्ध होते. मेमध्ये आणखी एक संधी, तीच शेवटची. मेरिके पास. जुन्या वळणाच्या लोकांना पाठांतर जमतं. क्युल्लीने विचारलं, कसं चाललंय शिक्षण? उत्तम, म्हणालो. ती जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिली. सूप छान झालंय, असंही म्हणालो.

१८ मार्च.
सुरक्षेचं लेक्चर अख्खं पाहिलं. पिन सोपा नको, आणि कुठेही लिहू नका. मला पहिल्यापासून हेच वाटतं. खिडकीवर आज्या चिठ्ठीवर पिन लिहून आणायच्या, किती रागवायचो त्यांना. लगेच माझ्या सरकारी ओळखपत्राचा पिन बदलला; विद्यापीठाच्या पानावर प्रवेश त्या चिपच्या कार्डानेच मिळतो. अवघड ठेवला. कार्डाऐवजी फोनवरून ओळख पटवायची सोय मी घेतलेली नाही. फोन चोरीला जातो, डोकं जात नाही.

१० मे, शनिवार.
सासूबाईंकडे बटाट्याची लावण. सगळं खानदान वाफ्यात. परीक्षेला तेरा दिवस. लेक्चरं शिल्लक एकोणतीस. म्हणजे रोज सव्वादोन. आरामात.

२३ मे, शुक्रवार, स. १०.४०.
दहाला परीक्षा. ओळखपत्र रीडरमध्ये घातलं, पिन टाकला. चूक. दुसरा टाकला. चूक. मग क्युल्लीचा वाढदिवस टाकून पाहिला. तीनदा चुकल्यावर कार्ड बंद पडतं. उघडायचा कोड लिफाफ्यात, लिफाफा सुरक्षित जागी, जागा आठवत नाही. साडेदहाला परीक्षेचं दार लागलं.

२६ मे.
विद्यापीठाला कडक तक्रार केली. उत्तर सभ्य: रोज अभ्यासाला येणारा विद्यार्थी पिन सहसा विसरत नाही, आपला मागचा प्रवेश १८ मार्चचा दिसतो. त्यांच्या यंत्रणेत दोष आहे.
डिजिटल विभागातली जागा मेरिकेला. तिने शाखेत वेणीसारखा गुंफलेला गोड पाव आणला. एक तुकडा घेतला, बशीतच ठेवला. अभिनंदन केलं. म्हणाली, "तू असतास बरोबर तर बरं झालं असतं रे." तिला खरंच वाईट वाटत होतं. तेच जास्त जड गेलं.

३० मे.
आज क्युल्लीला सगळं सांगितलं. शाखा, परीक्षा, जूनअखेर. भाषण तयार करून गेलो होतो, पहिल्याच वाक्याला तिने अडवलं.
"मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. मेरिके आणि मी गायनवृंदात शेजारी उभ्या राहतो, सोळा वर्षं. तुझ्या डोक्यातच आलं नाही?"
मग बोलली का नाहीस, मी विचारलं.
"रोज आठ वाजता तू जिना उतरायचास. वाटायचं, आज सांगेल. तू विचारायचास, जेवायला काय आहे."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुला घोर नको म्हणून गप्प राहिलो, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण म्हणालो, भीती वाटत होती. हे मी या वहीतसुद्धा लिहिलेलं नाही.
तिने माझ्यापुढे खुर्ची सरकवली. मग म्हणाली, "बरं. पण रोज दोन-दोन तास वर करत काय होतास?"
खरं सांगायचं ठरवलंच होतं, म्हणून वही आणून तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. सात मिनिटं लागली.
"नऊ महिन्यांत एवढंच?" क्युल्ली म्हणाली.